बाप धावला पाहिजे
(तरुण संघाच्या सभेतील भाषण)



आमच्या मूकनाट्याविषयी दोन शब्द बोला, असे पाळकसाहेबांनी सांगितले. मुक्याने करायच्या कामावर भाषण, हीही गंमतच!

नगर जिल्ह्यात मिशनचे काम १८३१ पासूनचे. पण सुवार्ता लोकांच्या कानात बसली ती भजन-कीर्तनांतून, रेव्ह. नारायण वामन टिळक स्वतः कीर्तनाला उभे राहत. मूकनाट्यात शब्दच नाही. अकोल्याच्या वाड्यांवर माईक लागत नाही, वीज गेली तर कंदिलावर भागते.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सगळ्यांना पोराचे काम हवे असते, रडायला मिळते म्हणून. अवघड काम बापाचे. लूक सांगतो, बाप धावला. म्हातारा माणूस, धोतर सावरत, लोकांदेखत धावतो! ते चार पावलांत दिसले पाहिजे.

एक मात्र आग्रहाने सांगतो. डुकरे राखणाऱ्या, पैसा उडवणाऱ्या पोराला आदिवासी वेष देऊ नका. समोर ठाकर, महादेव कोळी बसलेले असतात. नाच आणि सोंग त्यांना आपण शिकवायचे नाही. घाटाखाली जव्हार-मोखाड्याला बोहाड्यात रात्र रात्र मुखवटे नाचतात. सोंग कोणाचे आणले आहे, हे त्यांना लगेच कळते. पोरगा शहरी पँटीत येऊ द्या. वाडीतला करायचा तर बाप करा, खांद्यावर घोंगडी घेतलेला.

नाताळच्या दौऱ्याला आम्हांला बाप हवा आहे. साठीचा असला तरी चालेल, धावता आले पाहिजे. उपासनेनंतर नाव द्यावे.