एका विधिज्ञाची बारा वर्षे

(विधिशाखेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वकिली म्हटली की दिवाणी, फौजदारी, फार तर आयकर, एवढेच आपल्या घरांतून ठाऊक असते. माहितीची गोपनीयता हे वकिलीचे स्वतंत्र क्षेत्र आहे, हे अनेक पालकांना अजून पटत नाही. मी कलाशाखेचा पदवीधर, पेशाने पत्रकार. कलमांचा ऊहापोह करण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून एका विधिज्ञाची कारकीर्दच आपल्यासमोर ठेवतो.

ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे १९८७ साली जन्मलेला मॅक्स श्रेम्स व्हिएन्ना येथे कायद्याचे शिक्षण घेत होता. २०११ साली तो एका सत्रासाठी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठात गेला. तेथे फेसबुकच्या एका विधिज्ञाचे व्याख्यान झाले. युरोपीय कायद्याविषयी त्यांची तोकडी समज पाहून श्रेम्स अस्वस्थ झाला आणि त्याच विषयाच्या अभ्यासाला लागला. ‘माझ्याविषयी तुमच्याकडे जे जे आहे, ते मला द्या,’ अशी मागणी त्याने कंपनीकडे केली. हा अधिकार त्याला युरोपीय कायद्यानेच दिला होता. उत्तरादाखल १,२२२ पाने आली! त्याने स्वतः पुसून टाकलेला मजकूरही त्यांत होता.

कंपनीचे युरोपीय मुख्यालय आयर्लंडमध्ये असल्याने त्याने तेथील नियामकाकडे २२ तक्रारी गुदरल्या. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकी हेरयंत्रणेची टेहळणी उघड केली, तेव्हा युरोपीय नागरिकांची माहिती अमेरिकेत पाठवण्यालाच त्याने आव्हान दिले. नियामकाने ती तक्रार फेटाळली, तरी तो हटला नाही. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी युरोपीय न्यायालयाने माहिती पाठवण्याची जुनी व्यवस्था रद्द ठरवली. तिच्या जागी आलेली दुसरी व्यवस्थाही १६ जुलै २०२० रोजी कोसळली. मे २०२३ मध्ये याच हस्तांतरणाच्या प्रश्नावर आयरिश नियामकाने फेसबुकच्या मूळ कंपनीला, मेटाला, १२० कोटी युरोंचा दंड ठोठावला. पहिल्या तक्रारींपासून तोवर बारा वर्षे लोटली होती. चिकाटी कशाला म्हणावी, ते येथे कळते.

मित्रहो, आपल्याकडेही असा लढा झाला. मात्र लढणारा तरुण नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यातूनच निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्वाळा दिला की, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. पुढे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. या कायद्यान्वये दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तो टप्प्याटप्प्याने अमलात येत असल्याने या विषयाच्या जाणकारांची गरज वाढणार, हे उघड आहे.

या वकिलाचे काम तरी कोणते? संमतीपत्राचा मसुदा सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत करणे, करार तपासणे, माहिती फुटली तर कोणाला आणि केव्हा कळवायचे याचा सल्ला देणे. त्यासाठी कलमे पाठ असून भागत नाही. माहिती कोठे साठते, कोणाच्या हाती जाते, किती काळ राहते, हे तंत्रज्ञाला विचारून समजून घ्यावे लागते.

कंपनीचा सल्लागार आणि नागरिकाचा कैवारी, दोघेही हाच कायदा शिकतात. उपजीविकेसाठी कंपनीची नोकरी पत्करण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु दुकानात मोबाइल क्रमांक सांगणारी गृहिणी, रुग्णालयात आजाराची माहिती लिहून देणारे आजोबा यांना आपण काय देऊन बसलो, हे ठाऊक नसते. त्यांच्या बाजूने विचारणारा कोणी हवा. तुमच्यापैकी दोघा-चौघांनी तरी ते काम अंगावर घ्यावे, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.