छायाचित्रांची दुरुस्ती आणि सत्याची राखण
(भाषणाचा मजकूर)



यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांत ग्रामपंचायतीच्या कपाटात किंवा शाळेच्या भिंतीवर एखादे तरी जुने छायाचित्र जपून ठेवलेले असते. कोठे शाळेच्या कोनशिलेचा समारंभ, कोठे बंधाऱ्यावरील श्रमदान, तर कोठे गावच्या पहिल्या पंचांची बैठक. पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. त्या वेळची छायाचित्रे आता साठी ओलांडून गेली आहेत. त्यांपैकी कित्येकांची दुसरी प्रत नाही आणि मूळ फिल्मही उरलेली नाही.

ओल, वाळवी आणि ऊन हे या छायाचित्रांचे नित्याचे शत्रू होत. त्यात पुराची भर पडते. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुराने वेढलेल्या ग्रामस्थांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर मागवावे लागले होते, हे सर्वांच्या स्मरणात आहे. अशा प्रसंगी माणसे वाचविणे हेच पहिले कर्तव्य असते. कपाटातील कागद वाचविण्यास कोणी थांबत नाही. म्हणून ते काम आधीच करून ठेवावे लागते. संगणकावर छायाचित्र सुधारण्याचे तंत्र येथे उपयोगी पडते.

साधने कोणती?

थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी घडविलेली फोटोशॉप ही आज्ञावली १९९० साली बाजारात आली. त्यानंतर काही वर्षांतच गिम्प ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध झाली. शाळा किंवा ग्रामपंचायतीच्या गरजेपुरते बहुतेक सर्व काम गिम्पवर होऊ शकते. त्यासाठी खर्च करावा लागत नाही. सरावाची मात्र आवश्यकता असते.

आरंभ मूळ प्रतीपासून

दुरुस्तीचे अर्धे यश चांगल्या स्कॅनवर अवलंबून असते. यंत्राची काच कोरड्या मऊ कापडाने पुसावी. छायाचित्रावरील धूळ मऊ ब्रशने हलकेच झटकावी. ओले फडके कदापि लावू नये. पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून लहान छायाचित्रासाठी ६०० डीपीआय हे प्रमाण योग्य होय. चार इंच बाय सहा इंचांच्या चित्राचे या प्रमाणाने २,४०० बाय ३,६०० रंगबिंदू, म्हणजेच पिक्सेल, मिळतात आणि रंगीत स्वरूपात त्याची फाईल सुमारे २६ एमबीची होते. चित्र काळे-पांढरे असले तरी स्कॅन रंगीतच करावा. पिवळे डाग वेगळे ओळखण्यास त्याची मदत होते.

मूळ स्कॅन टिफ या प्रकारात जतन करावा. जेपेग प्रकारात फाईल लहान होते, परंतु ती सुधारून पुन्हा पुन्हा साठविली की दर वेळी थोडा तपशील कायमचा नष्ट होतो. मूळ स्कॅनला हात न लावता त्याच्या प्रतीवरच काम करावे, हा या विद्येतील पहिला नियम आहे.

स्कॅनर नसल्यास छायाचित्र चौकटीतून काढून खिडकीजवळच्या सौम्य उजेडात सपाट ठेवावे आणि मोबाईल अगदी समांतर धरून फ्लॅश न वापरता टिपावे. चित्र काचेला चिकटलेले असेल तर ते ओढून काढू नये, काचेसहच टिपावे.

उजेड आणि रंग

नवशिक्यांचा हात प्रथम उजेड वाढविण्याच्या पट्टीकडे जातो. त्याऐवजी लेव्हल्स हे साधन वापरावे. त्यात चित्रातील गडद ते उजळ छटांचा एक आलेख दिसतो. यवतमाळच्या शेतकऱ्यास तो समजावून देणे सोपे आहे. काळी कसदार जमीन आलेखाच्या डाव्या टोकाला आणि फुटलेला पांढरा कापूस उजव्या टोकाला. जुने छायाचित्र विटले की दोन्ही टोके रिकामी पडतात आणि सारे चित्र मध्यल्या करड्या छटांत अडकते. डावा व उजवा दर्शक जेथे आलेख खरोखर सुरू होतो व संपतो तेथे आणून ठेवला, की काळ्याला काळेपण आणि पांढऱ्याला पांढरेपण परत येते.

शेतात नवे छायाचित्र घेतानाही हे ध्यानी ठेवावे. दुपारच्या उन्हात काळ्या मातीच्या मानाने उजेड घेतला तर कापसाची बोंडे नुसती पांढरी दिसतात आणि त्यांवरील किडीची खूण नाहीशी होते. असा गेलेला तपशील कोणत्याही आज्ञावलीने परत येत नाही. म्हणून मोबाईलच्या पडद्यावर बोंडावर बोट टेकवून त्यानुसार उजेड ठरवावा. निळ्या ताडपत्रीखाली घेतलेल्या चित्रात निळी झाक येते. पहिल्या चित्रात एक पांढरा कागद ठेवल्यास नंतर त्यावरून रंग बरोबर करता येतो.

डाग काढण्याची मर्यादा

ओरखडे व डाग काढण्यासाठी हील आणि क्लोन ही साधने आहेत. क्लोन साधनात शेजारचा चांगला भाग निवडून तो डागावर उमटविला जातो. निवडण्यासाठी गिम्पमध्ये कंट्रोल आणि फोटोशॉपमध्ये ऑल्ट ही कळ दाबून चित्रावर टिचकी मारावी. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा असावा. काम वेगळ्या थरावर करावे, म्हणजे चूक झाल्यास तो थर पुसता येतो. धार वाढविण्याचे काम सर्वांत शेवटी आणि बेताने करावे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद लोहमार्गावरील ‘शकुंतला’ गाडीची वाफेची इंजिने १९९४ साली निवृत्त झाली. तिचे एखादे जुने छायाचित्र गावी सापडले आणि इंजिनावरील क्रमांक पुसट असला, तर आकाशातील डाग काढण्यास हरकत नाही. पण तो क्रमांक अंदाजाने पुन्हा रेखाटणे अयोग्य होय. फाटलेल्या भागातील चेहऱ्याचेही तसेच. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने रिकामी जागा भरण्याची सोय आली आहे. तिने भरलेला चेहरा सुबक असतो, परंतु तो त्या गावच्या माणसाचा नसतो. उद्या त्याचा नातू ते चित्र पाहील आणि परक्याच चेहऱ्याला आजोबा समजेल. तेथे जागा कोरी ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे.

कार्यालयीन छायाचित्रे

पंचनाम्यास, घरकुलाच्या प्रस्तावास किंवा रोजगार हमीच्या कामास जोडलेले छायाचित्र हा पुरावा असतो. फाईल मोठी म्हणून संकेतस्थळ ती स्वीकारत नाही, ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय असा, की प्रथम चित्राचे माप कमी करावे, नंतर जेपेगची गुणवत्ता थोडी उतरवावी. ३,००० बाय ४,००० पिक्सेलचे चित्र ९०० बाय १,२०० केले तर पिक्सेलची संख्या सुमारे एक-अकरांश होते आणि कागदावरील मजकूर अनेकदा वाचनीयही राहतो. मूळ फाईल मात्र पुसू नये. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविलेल्या फाईलमधील स्थळाची नोंद गळून पडते. ती हवी असल्यास फाईल दस्तऐवज म्हणून पाठवावी.

लाभार्थ्याच्या आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकताना ते धूसर करण्यावर विसंबू नये. त्यावर भरीव काळी पट्टी टाकून सर्व थर एकत्र करावेत आणि नवी फाईल साठवावी. थर वेगळे राहिल्यास पट्टी सहज बाजूला सरकविता येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या फाईलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. एक पिक्सेल बदलला तरी हे मूल्य बदलते. नुकसानीच्या पंचनाम्यातील चित्र अधिक ठसठशीत दिसावे म्हणून कोणी त्यात रंग भरला, तर खऱ्या नुकसानीवरही संशय येईल आणि त्याची झळ शेतकऱ्यालाच बसेल. उजेड सुधारलेली प्रत वाचण्यासाठी वापरावी, पुरावा म्हणून मूळच सादर करावे.

नोंदवहीची एक ओळ

प्रत्येक शाळेने व ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी. चित्र कोणाकडून मिळाले, कोणत्या साली काढलेले आहे, त्यात कोण आहेत, स्कॅन केव्हा केला आणि दुरुस्ती कोणती केली, एवढे त्यात लिहावे. फाईलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. त्यांपैकी एक गावाबाहेर, शक्यतो तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी. चित्रातील माणसांना ओळखणारी वडीलधारी मंडळी आज गावात आहेत, तोवर शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवून नावे लिहून घ्यावीत. डाग पुढच्या वर्षीही काढता येतील. ही नावे मात्र याच वर्षी विचारून घेतलेली बरी.