तोंड आलंय? पंधरा दिवस मोजा!
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



तोंड आलं की आपल्या घरात निदान ठरलेलं असतं, "उष्णता झाली!" मग गुलकंद, सब्जा सुरू. हरकत नाही, साधा फोड आठ-दहा दिवसांत, फार तर पंधरवड्यात आपला आपण भरतोच. प्रश्न आहे तो १५ दिवसांनंतरही न भरणाऱ्या फोडाचा. साठीनंतर तो अंगावर काढू नका.

डॉक्टर आधी तुटलेल्या दाताची धार आणि सैल कवळी बघतात. धार घासली, कवळी नीट बसवली की फोड बहुधा दोन आठवड्यांत भरतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, नाहीतर तोंडात बुरशी वाढते. दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची तीही त्यासाठीच.

दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी सोबत न्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. लोह, फॉलिक ॲसिड कमी पडलं तरी तोंड येतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. छातीदुखीच्या निकोरँडिलनेही व्रण होऊ शकतात. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली आणि तोंड आलं, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकी कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

आता जे बोलायला आपण कचरतो ते. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू, मशेरी, सुपारी घराघरांत आहेच. कॅन्सरचा व्रण सुरुवातीला बरेचदा दुखतही नाही. म्हणून "दुखत नाही ना, मग राहू दे" हे म्हणणंच घातक! टणक कडा, पांढरा-लाल चट्टा, मानेत गाठ, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर तुकडा काढून तपासावा लागतो. "तुकडा काढला की पसरतो" ही भीती खोटी आहे. लवकर सापडला तर उपचार आटोपशीर होतात आणि माणूस बरा होण्याची शक्यता खूप वाढते. व्यसन नसलेल्यांनाही तो होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

लेकी-सुना-मुलांनो, महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन आई-बाबांची जिभेची कड, जिभेखालची जागा, गालाची आतली बाजू बघा. फोड दिसला की कॅलेंडरवर तारीख लिहा. १६व्या दिवशी तो तिथेच असेल, तर रिक्षा बोलवा आणि दवाखाना गाठा.