भद्रावतीचा दारूगोळा आणि दूरचें राजकारण

चांद्याहून नागपूरकडे निघालें म्हणजे वाटेंत भद्रावती लागतें. भद्रनागाचें देऊळ आणि विजासन लेणीं पाहण्यास यात्रेकरू येथें उतरतात. गांवालगतच्या जंगलांत दारूगोळ्याचा सरकारी कारखाना पसरलेला आहे. ‘पसरलेला’ हाच शब्द योग्य. स्फोटकांच्या इमारती एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागतात, मध्यें मातीचे बांध आणि झाडी लागते. सीमेपासून दूर, विपुल जमीन, दिल्ली–मद्रास लोहमार्ग जवळ. अशी जागा निवडली गेली यांत नवल नाहीं.

परंतु १९६० नंतरच्या दशकांत असे कारखाने वाढविण्याची निकड रणांगणाइतकीच राजकारणानेंहि उत्पन्न केली. नोव्हेंबर १९६२ मध्यें चीनपुढील माघारीनंतर कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. मे १९६४ मध्यें शस्त्रसाहाय्यासाठीं ते अमेरिकेस गेले. त्यांना एफ-१०४ जातीचीं विमानें हवीं होतीं. तींच पाकिस्तानला, करारबद्ध मित्र म्हणून, अमेरिकेनें दिलेलीं. भारताला मात्र नकार मिळाला. दौरा चालू असतांनाच पंडित नेहरू निवर्तले आणि चव्हाण परतले. त्याच वर्षीं ते मॉस्कोस गेले. सप्टेंबर १९६५ च्या युद्धांत अमेरिकेनें दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबविला. तोफ परक्याची असली तरी गोळा तरी घरचा हवा, हा धडा त्यानंतर कोणास निराळा शिकवावा लागला नाहीं.

मिग विमानांची कथा याहून बोलकी आहे. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसांत कोरापुटला, विद्युत्-उपकरणें हैदराबादला, अशी वांटणी झाली. स्वतः चव्हाण १९६३ मध्यें नाशिकहूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. केवळ त्यासाठीं ओझर निवडलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु तीन राज्यांना एकेक वांटा मिळतो, तेव्हां लष्करी सोयीखेरीज आणखीहि कांहीं तोललें जातें.

अमेरिकेंत हें तोलणें उघड चालतें. तेथील घटनेप्रमाणें सैन्यासाठीं दोन वर्षांहून अधिक मुदतीचा पैसा मंजूर करतां येत नाहीं. त्यामुळें सभासदाच्या हातीं वारंवार किल्ली येते, आणि आपल्या मतदारसंघांतील कारखाना बंद पडूं नये म्हणून तो ती फिरवितो. मग सेनापतींना तें शस्त्र नको असलें तरी! १९६१ मध्यें निरोपाच्या भाषणांत आयसेनहॉवर यांनीं सैन्य आणि शस्त्रोद्योग यांच्या या युतीविषयीं इशारा दिला, तो स्वतः सेनापति राहिलेल्या माणसाचा होता. निरुपयोगी छावण्या मोडण्यासाठीं पुढें स्वतंत्र मंडळ नेमावें लागलें. त्याची यादी सबंध स्वीकारावी किंवा सबंध फेटाळावी, मधलें एक नांव गाळतां येऊं नये, अशी तोड काढली गेली.

आपल्याकडे खासदाराच्या हातीं अशी किल्ली नाहीं. संरक्षणाच्या मागण्या कित्येकदां चर्चेवांचूनच मंजूर होतात. निर्णय मंत्रिमंडळांत ठरतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं एकेचाळीस कारखान्यांचें मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या आणि भद्रावती पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेलें. कामगारसंघांनीं संपाची भाषा केली, तेव्हां ३० जून २०२१ च्या वटहुकुमानें संपावरच बंदी आली होती. कामगारांना आरंभीं दोन वर्षांच्या मानीव प्रतिनियुक्तीवर कंपनीकडे धाडलें. ती मुदत पुढें वाढवावी लागली.