मत्स्यालयांतील फेस

समुद्रकिनाऱ्यावर लाटा फुटून जो मळकट फेस सांचतो, तसाच फेस घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांत प्रोटीन स्किमर उठवितो. विष्ठेंतील व उरल्या अन्नांतील प्रथिनें बुडबुड्यांस चिकटून वर येतात. तीं कुजून विषारी अमोनिया होण्याच्या आंत बाहेर पडावीं, नाहीं तर मासे दगावूं शकतात.

यंत्र घेतांना खोक्यावरील लिटरांच्या आंकड्यावर विसंबूं नये. मासे किती व त्यांस खाणें किती, हें पाहावें. नवें यंत्र पहिले कांहीं दिवस लहरीपणा करतें, तें सोसावें. पुढें झडपेनें आंतील पाण्याची पातळी थोडथोडी हालवावी. पेल्यांत फिकें पाणी सांचलें तर उतरवावी, कांहींच न सांचलें तर चढवावी. तेलकट हात पाण्यांत गेल्यानें फेस बसला, तर मात्र झडपेला शिवूं नये. कांहीं तासांत तो आपोआप उठतो.