सीमेवर ऐकलेला सामना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



लष्करी नोकरीतील एखादा अनुभव सांगावा, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. लढाईच्या हकीगती आपण पुष्कळ ऐकल्या असतील. मी एका लहानशा ट्रान्झिस्टरची हकीगत सांगणार आहे.

१९७१ च्या ऑगस्टात आमची तुकडी त्रिपुराच्या सीमेवर होती. पलीकडून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि पावसाला खळ नव्हता. तिकडे लंडनमध्ये, ओव्हलच्या मैदानावर, आपल्या अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडशी झुंजत होता. २३ तारखेस चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी बाद केले व इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. विजयास १७३ धावा हव्या होत्या. दिवसअखेर २ बाद ७६ झाल्या.

दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी. घरी आरती झाली असेल, या विचाराने मन व्याकुळ झाले होते. आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी चारला खेळ सुरू झाला आणि वाडेकर एकही धाव न वाढवता धावचीत झाले! माझा चेहरा उतरलेला पाहून आमचे शीख हवालदार, ज्यांना हॉकीवाचून दुसरा खेळ ठाऊक नव्हता, तेही शेजारी येऊन बसले. अंधार पडल्यावर त्या खरखरीतून विजयाची वार्ता आली. ४ गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरील ती आपली पहिली मालिका-विजयाची घटका. गुळाचा खडा वाटून आम्ही तोच प्रसाद मानला.

पुढे ९९ ए. पी. ओ. च्या पत्त्यावर वडिलांचे पत्र आले. त्यात वर्तमानपत्रातून कापलेला संपूर्ण धावफलक होता. ते कात्रण मी कित्येक दिवस खिशात बाळगले. मात्र त्याच आठवड्यात आई रुग्णशय्येवर होती, हे मला रजेवर आल्यावरच कळले. तेव्हा वडिलांचा राग आला. आपल्या मुलाचे चित्त स्थिर राहावे, हाच त्यांचा हेतू होता, हे मला स्वतः बाप झाल्यावर उमगले.

आता सामना हातातल्या फोनवर दिसतो. धावसंख्या कळवण्यास घरच्यांची गरज उरलेली नाही. तरीही ज्यांची मुले दूर आहेत, त्यांना माझी विनंती आहे : आनंदाची वार्ता अवश्य कळवा, पण दुःखाचीही लपवू नका. दूरचा माणूस दोन्ही सोसू शकतो; परकेपणा तेवढा त्याला सोसवत नाही.