मधल्या पदाचे हरण

ज्या समीकरणात अज्ञात संख्येचा वर्ग असतो, पण त्याहून वरचा घात नसतो, ते वर्गसमीकरण. त्यात सगळी अडचण मधल्या पदाची. नुसता वर्ग असता तर वर्गमूळ काढून काम भागले असते. जोडीला एकेरी अज्ञात आले की ती वाट बंद होते. म्हणूनच भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वर्गसमीकरण सोडवण्याच्या रीतीला ‘मध्यमाहरण’ म्हटले आहे. हा ग्रंथ ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा एक भाग.

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. म्हणजे हे गणित खानदेशात आठशे वर्षांपूर्वीच अभ्यासाला होते.

मध्यमाहरणाची मूळ रीत मात्र गणिती श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी त्यांचे नाव घेऊनच ती दिली. स्थिर पद उजवीकडे न्यायचे. दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचे. मग अज्ञाताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा. डावी बाजू पूर्ण वर्ग होते. चौपटच का? एरवी पूर्ण वर्ग करताना मधला सहगुणक निम्मा करावा लागतो आणि अपूर्णांक मागे लागतात. चारने गुणले की ते टळतात. रीतीचे सारे सौंदर्य या चारमध्ये आहे.

दहावीचे सूत्र यातूनच निघते: मधल्या सहगुणकाचे चिन्ह बदला, त्यात विवेचकाचे वर्गमूळ एकदा मिळवा, एकदा वजा करा, वर्गाच्या सहगुणकाच्या दुपटीने भागा. विवेचक म्हणजे मधल्या सहगुणकाच्या वर्गातून, वर्गाचा सहगुणक आणि स्थिर पद यांच्या गुणाकाराची चौपट वजा केलेली संख्या. तो शून्य असला तर दोन्ही मुळे समान. ऋण असला तर वास्तव मूळच नाही. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

त्यांचेच उदाहरण: माकडांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो, उरलेली १२ डोंगरावर आहेत. समीकरण येते: क्षचा वर्ग, वजा ६४ क्ष, अधिक ७६८ बरोबर शून्य. ६४ चा वर्ग ४०९६, त्यातून ३०७२ गेले, उरले १०२४, वर्गमूळ ३२. ६४ मध्ये ३२ मिळवून निम्मे केले की ४८, वजा करून १६. दोन्ही उत्तरे चालतात.

दुसऱ्या उदाहरणात तसे होत नाही. कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला, एक माकड बाहेर दिसते. सूत्राने ५० आणि ५ येतात. पण ५ चा पंचमांश १, आणि १ माकडातून ३ वजा कशी करणार? भास्कराचार्यांनी ते उत्तर सोडून दिले आणि ५० ठेवले.